अर्धी कोरी फुलदाणी

१

भट्टीत बारा फुलदाण्या गेल्या आणि बाराच बाहेर आल्या. तरी त्यांतली एक अशी निघाली की ती कुणीच रंगवलेली नव्हती.

विलेमाइनने मला हे सांगितलं तेव्हा बुधवारची दुपार होती. बुधवारी दुपारी शाळेला सुट्टी असते, म्हणून गल्लीतली सात-आठ मुलं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चित्रं काढायला जमतात. त्या दिवशी मी टेबलावर कोळशाची बादली ठेवली होती. सगळे हेस्तरला हसत होते. तिने बादली काढली होती, पण बादलीला तोंडच नव्हतं.

"मास्तर, हिची बादली बंद! कोळसा काय नळीने घालायचा?"

मी हेस्तरला उठवलं आणि तिच्या जागी बसलो. तिचं स्टूल सगळ्यांत बुटकं. तिथून बादलीचं तोंड खरंच दिसत नव्हतं. मी प्रत्येकाला एकेकदा त्या स्टुलावर बसवलं आणि हसू आपोआप थांबलं.

मुलाचं चित्र चुकलं असं म्हणण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन बसावं, हा माझा एकच नियम आहे. तो मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाचं चित्र मी वर्गासमोर धरलं आणि हसलो. वर्गही हसला. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याचा चेहरा आता आठवत नाही. हसू मात्र आठवतं.

तेवढ्यात विलेमाइन दारात उभी राहिली. दहा वर्षांपूर्वी तीही याच टेबलाशी बसायची. आता बावीस वर्षांची होती आणि आमच्या गाउडा गावातल्या कालव्याकाठच्या 'लेपेलार' कारखान्यात फुलदाण्या रंगवायची. डोळे लाल झालेले. हातात सायकल तशीच धरलेली, जणू ती आतच घेऊन येणार होती.

"सायकल बाहेर ठेव आणि बस," मी म्हटलं. "कॉफी घे."

"कॉफी नको मास्तर. मला घरी पाठवलंय. आणि सगळ्यांना सांगितलंय की मला फ्लू झालाय."

"झालाय का?"

"नाही हो!" ती ओरडली आणि मग मुलांकडे बघून हळू आवाजात बोलू लागली.

गोष्ट अशी होती. मालक तेर्नेदे साहेबांनी वर्षापूर्वी हिल्केमा नावाचा तरुण चित्रकार ठेवला होता. तो पॅरिसला जाऊन आलेला. ट्यूलिप आणि मोर बंद करा, म्हणाला. आता रेघा हव्यात, तुकडे हवेत, मोकळी जागा हवी. युट्रेक्टच्या व्यापारी जत्रेसाठी त्याने एक नक्षी काढली. पायापासून भटकत वर चढणारी काळी रेघ, गळ्याजवळ एक पिवळी चकती आणि दोन निळे तुकडे. तिघी मुलींनी प्रत्येकी चार फुलदाण्या रंगवल्या आणि प्रत्येकीने तळाशी आपली खूण घातली. विलेमाइनची खूण म्हणजे एक छोटी मासोळी.

"शनिवारी भट्टी भरली. आज सकाळी उघडली. अकरा ठीक. पण माझ्या मासोळ्या तीनच, मास्तर! चौथ्या फुलदाणीवर काहीतरी भलतंच. रेघ वरच्या वर फिरते, निळ्याच्या जागी हिरवा आणि कमरेखाली सगळं कोरं. तळालाही खूण नाही."

"मग तुझ्यावर का?"

तिने मान खाली घातली. "शनिवारी एक वाजता सगळ्याजणी गेल्या. मी शेवटचा हात द्यायला दोनपर्यंत थांबले. आणि... मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर मी म्हटलं होतं की आमची कोंबडी शाईत पाय बुडवून चालली तर हिल्केमांच्यापेक्षा बरी रेघ निघेल."

"अगं पोरी!"

"गंमत केली हो! आता ते म्हणतात, मी त्यांची टिंगल करायला ती फुलदाणी मुद्दाम बिघडवली. साहेबांनी शुक्रवार दुपारपर्यंत मुदत दिलीय. कबूल कर, नाहीतर काढून टाकतो. खोडसाळपणासाठी काढलेल्या मुलीला गाउडात कुणी कुंचला हातात देणार नाही, तुम्हाला माहीत आहे. मला दुसरं काही येत नाही मास्तर. आणि दुसरं काही करायचंही नाही."

मी तिला विचारायचं ते विचारलं. "खरं सांग. तू नाही ना रंगवलीस?"

"नाही. माझ्या चार मी माझ्या हातांनी फळीवर ठेवल्या. चारही बरोबर होत्या."

ती सहसा खोटं बोलत नसे. कधी बोललीच तर तिचे कान लाल होत, आणि आता फक्त डोळे लाल होते. पण मग चार बरोबर फुलदाण्या भट्टीत गेल्या आणि तीनच बाहेर आल्या, हे कसं? 

२

गुरुवारी चौकात चीजचा बाजार भरलेला. त्या गर्दीतून वाट काढत मी कारखान्यात पोहोचलो. तेर्नेदे साहेब माझे जुने विद्यार्थी. चित्रकला यथातथाच, पण बोलायला सभ्य.

"मास्तर, तुम्ही तिची बाजू घेऊन आलात ना?"

"मी फुलदाणी बघायला आलोय. बाजू नंतर घेईन."

बारा फुलदाण्या लांब टेबलावर रांगेत मांडल्या होत्या. रुंद खांदे, आखूड गळा. अकरा एकसारख्या. बारावी पाहिली आणि मी गोंधळलो. नवी चित्रकला मला तशीही कळत नाही. पण अकरांमध्ये निदान काहीतरी चढत होतं आणि कुठेतरी थांबत होतं. हिच्यात रेघ गळ्यापाशी सुरू होऊन खांद्यावर गरगरत होती आणि पोटाच्या वळणावर मधेच सोडून दिली होती. दोन हिरवे तुकडे अगदी कडेला, घसरून पडतील असे. खालचा अर्धा भाग पांढराशुभ्र.

मी चष्मा चढवून रेघ बघितली. गळ्यापाशी ती जाड होती आणि खाली येता येता बारीक, शेवटी तर तुटक झाली होती. तळ उलटा करून पाहिला. स्वच्छ. मासोळी नाही, काही नाही.

"हा कुणाचा हात?" मी रंगशाळेच्या प्रमुख स्टॉलवाइक बाईंना विचारलं.

"आमच्यातल्या कुणाचाच नाही," बाई म्हणाल्या. पस्तीस वर्षं ट्यूलिप रंगवून त्यांचे केस पिकले होते. "नक्षीचा टोचलेला कागद माझ्या कपाटात कुलूपबंद होता. कागद फुलदाणीवर धरायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून मुली रंगवतात. हे मात्र कुणीतरी ठिपक्यांशिवाय, आठवणीतून काढलंय."

"किल्ली तुमच्याकडेच होती म्हणजे तुम्ही सोडून सगळे, असंच ना?" कोपऱ्यातून हिल्केमा म्हणाला. तो उंच, गळ्यात लाल मफलर, आणि रागाने पांढराफटक.

"माझ्याकडे किल्ली होती म्हणून तर मी कागद वापरला असता, बाळा. मला तुमची नक्षी पाठ करायची काही हौस नाही."

"तुम्हाला ती आवडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे!"

"आवडत नाही म्हणून मी ती नासवते असं नाही. सुनेचं सूप मला आवडत नाही, पण मी त्यात राख टाकत नाही."

तेर्नेदे साहेबांनी दोघांना गप्प केलं. मी हिल्केमाकडे वळलो. "या फुलदाणीबद्दल तुमचं मत काय?"

"मत? ही माझी थट्टा आहे. माझ्या रेघेचा खून आहे. ती मुलगी मला कोंबडी म्हणाली होती."

"कोंबडी बरी, असं म्हणाली होती," स्टॉलवाइक बाईंनी दुरुस्ती केली.

"ही जत्रेला जाणार नाही," साहेब म्हणाले. "मी आत्ताच फोडून टाकतो."

त्यांनी फुलदाणी उचलली, हात उंच केला, आणि तेवढ्यात दारातून कुणीतरी इंग्रजीत जोराने ओरडलं.

३

तो कॅनडाचा व्यापारी होता. जत्रेआधीच माल बघायला आला होता. त्याने साहेबांच्या हातून फुलदाणी जवळजवळ हिसकावून घेतली आणि खिडकीपाशी नेली. फिरवून फिरवून पाहिली. मला इंग्रजी थोडंच येतं, पण चेहरा वाचता येतो. ती त्याला आवडली होती. बाकीच्या अकरांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

तो कॉफी प्यायला गेल्यावर साहेब खुर्चीत बसले. "त्याला अशा शंभर हव्यात. ही रिकामी जागा, म्हणतो, फार धीट आहे. कोण कलाकार, विचारतोय. काय सांगू?"

 मग हिल्केमाने मफलर नीट केला.

"ती मीच केली," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. 

"मघाशी खून म्हणालात ना?" मी विचारलं.

"मी... मला तिला वाचवायचं होतं. शनिवारी तीन वाजता मी आलो तेव्हा तिची एक फुलदाणी पुसटलेली दिसली. तिनेच हात लावून बिघडवली आणि न सांगता निघून गेली. मी ती धुतली आणि नव्याने काढली. खालची मोकळी जागा म्हणजे मौन आहे."

बघा कसा पेच. आदल्या दिवशी ती फुलदाणी कुणाचीच नव्हती, आणि आता मालक मिळाला होता. पण त्याने विलेमाइनचं भलं होत नव्हतं. आधी ती खोडकर होती, आता निष्काळजी आणि लबाडही ठरली. वर साक्षीदार मिळाला.

"मग तर प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "उद्या तिला पत्र देतो."

"एक मिनिट," मी म्हटलं. "हिल्केमा, तुम्ही रेघ कुठून सुरू केलीत?"

"पायापासून. माझी रेघ नेहमी पायापासून चढते."

मी फुलदाणी त्याच्यासमोर धरली. "भरलेला कुंचला जिथे प्रथम टेकतो तिथे रेघ जाड येते. रंग संपत आला की बारीक होते, तुटते. हे मी बारा वर्षांच्या पोरांना शिकवतो. ही रेघ गळ्यापाशी जाड आहे आणि पोटाकडे तुटली आहे. ही चढलेली नाही, उतरलेली आहे. आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे जिथून सुरू झाली, त्या पायाजवळ तर रेघच नाही."

हिल्केमा लाल झाला, मफलरपेक्षाही. "आधुनिक कामात सुरुवात-शेवट असं काही नसतं," तो पुटपुटला.

"कामात नसेल," स्टॉलवाइक बाई म्हणाल्या, "कुंचल्याला असतो."

साहेबांनी डोकं धरलं. "बरं, यांनी नाही केली. मग कुणी केली, मास्तर? कारण यांनी नसेल केली तर मी पुन्हा विलेमाइनपाशीच येतो. उद्या दुपारी बारा. त्याच्या पुढे मला थांबता येणार नाही."

 घरी गेलो, वाटाण्याचं सूप गरम केलं आणि ते थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसलो.

४

शुक्रवारी सकाळी मी विलेमाइनला घेऊनच गेलो. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. आम्ही रंगशाळेत गेलो. तिच्या जागेवर कुणीतरी एप्रन घडी करून ठेवला होता. तिने त्याला हात लावला नाही.

"मला एवढंच सांग," मी म्हटलं, "हिरवा का?"

"तेच मला कळत नाही. चित्रात स्पष्ट निळा आहे. ते बघा, भिंतीवर लावलंय."

"निळ्या रंगाचं बोळकं कुठलं?"

"सात नंबर."

सात नंबरच्या बोळक्यात मी डोकावलो. निळं काहीच नव्हतं. मळकट राखाडी चिखल.

"भाजल्यावर निळा होतो," ती म्हणाली.

"आणि हिरवा?"

"नऊ नंबर." तिथेही राखाडीच चिखल. काळा आणि पिवळा कच्चेही ओळखू येत होते, पण या दोन्हींत मला तरी फरक दिसेना.

"तुम्ही कशा ओळखता?"

स्टॉलवाइक बाई मागे येऊन उभ्या होत्या. "आम्ही रंगाकडे बघतच नाही, मास्तर. आकड्याकडे बघतो. डोळ्यांवर विश्वास ठेवणारी मुलगी इथे पहिल्याच दिवशी फसते."

मी पहिल्या बाकावर बसलो. बसून विचार केला की माझं डोकं जरा बरं चालतं. वर्गात उदाहरण सोडवताना मी मुलांना म्हणत असे, आधी काय असू शकत नाही ते खोडून टाका.

"बघा," मी म्हटलं. "रंगवणाऱ्या मुलीने हे केलं असतं तर तिने डोळे झाकूनही सात नंबर घेतला असता. ते तिच्या बोटांत आहे. म्हणून विलेमाइन नाही आणि तिच्या मैत्रिणीही नाहीत. ऑफिसातल्या कुणी भिंतीवरचं चित्र बघून केलं असतं, तर त्याने निळा दिसणारा रंग शोधला असता. राखाडी चिखलात कुंचला कशाला बुडवेल? पण याने राखाडीच निवडला. फक्त चुकीचा राखाडी."

"म्हणजे?" विलेमाइनने विचारलं.

"म्हणजे त्याच्या आठवणीत या नक्षीचे तुकडे राखाडीच होते. त्याने ती न भाजलेली असताना पाहिली होती. पुष्कळ वेळा. पण बोळक्यांचे आकडे त्याला ठाऊक नव्हते."

बाई आणि विलेमाइन एकमेकींकडे बघू लागल्या. मी पुढे बोलणार, तर ओसरीवरून साहेबांची हाक आली. ते स्वतः पेटी भरत होते. कॅनडाच्या माणसाला ती फुलदाणी नमुना म्हणून हवी होती, आणि सोबत तुलनेसाठी एक मूळ नक्षीची. दोन्ही जमिनीवर पेंढ्यात उभ्या केलेल्या.

"मास्तर, अकरा वाजले," साहेब म्हणाले. "काही सापडलं?"

मी त्या दोन फुलदाण्यांपाशी जाऊन उभा राहिलो. सापडलं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सहज खाली पाहिलं.

तोंड तसंच उघडं राहिलं.

वरून पाहिल्यावर दोन्ही एकसारख्या होत्या. मधे गळ्याचं काळं भोक, त्याला वळसा घालणारी रेघ, शेजारी पिवळी चकती, कडेला दोन तुकडे. एकीत निळे, दुसरीत हिरवे, एवढाच फरक. आणि पोटाखालचा भाग? तो वरून दिसतच नव्हता. एकीत तिथे नक्षी होती काय आणि दुसरीत नव्हती काय, सारखंच.

आम्ही सगळे दोन दिवस ती फुलदाणी टेबलावर ठेवून बाजूने बघत होतो. माझा एकुलता एक नियम, आणि तोच मी पाळला नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या कारखान्यात फुलदाण्यांकडे नेहमी वरून कोण बघतं?"

५

भट्टीघरात बास्तियान एकटाच होता. भाजायच्या वस्तू ज्यांत ठेवतात ते मातीचे गोल डबे त्याने जमिनीवर मांडले होते, आणि वाकून एकेकात वाडगे उतरवत होता. एकोणपन्नास वर्षं तो हेच करत होता. डबा पायाशी, माल हातात, नजर खाली.

साहेबांना मी दाराबाहेरच थांबायला सांगितलं. विलेमाइन माझ्या मागे होती.

"अरे वा, मासोळी!" बास्तियान म्हणाला. "फ्लू उतरला का गं? गरम ताक-लापशी खाल्लीस की नाही?"

"मला फ्लू नव्हताच, बास्तियानकाका."

"मग?"

"मला काढून टाकलंय. बारा वाजता पत्र मिळेल. माझी चौथी फुलदाणी मी नासवली म्हणून."

बास्तियानच्या हातात वाडगा होता. तो त्याने फार हळू खाली ठेवला. हात कापत होते. ते पूर्वीपासूनच कापत असावेत. मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुला?" तो म्हणाला. "तुझ्यावर आलं? मला कुणी सांगितलं नाही. मला म्हणाले फ्लू झालाय." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, ती माझी चूक आहे. अंगठा घसरला. न भाजलेली झिलई पिठासारखी असते हो, घामाचा अंगठा लागला की रंग उठून येतो. गेल्या शरद ऋतूत दोनदा झालं होतं. साहेब म्हणाले, आणखी एकदा झालं तर तुम्ही फाटकापाशी बसा आणि सायकली मोजा."

"म्हणून धुतलीस?"

"धुतली, पांढऱ्या झिलईत पुन्हा बुडवली, लहान भट्टीच्या ऊबेला सुकवली. बाकीच्या अकरा डब्यांत बंद झाल्या होत्या, म्हणून आठवणीतून रंगवली. मुली गेल्या होत्या, बोळकी उघडीच होती. मला वाटलं, हुबेहूब जमली. बुधवारी काढली तर हिरवी! मी म्हटलं, आता बोंब होणार. पण मला कुणी काही विचारलंच नाही. आणि काल ऐकलं की कुणा कॅनडावाल्याला एक फुलदाणी आवडली. म्हटलं चला, माझी खपून गेली गर्दीत."

विलेमाइन हसायला लागली. हसता हसता तिने सवयीने, एप्रन नसतानाही, छातीवर हात पुसले. "काका, त्याला तीच आवडलीय. तुमचीच!"

"माझी? पण ती तर बाकीच्यांसारखीच आहे."

"खालचा अर्धा भाग तू रंगवलाच नाहीस," मी म्हटलं.

तो बुचकळ्यात पडला. "खाली काही असतं का?"

मी एका डब्यावर बसलो. "बास्तियान, एवढी नजर तुझ्याकडे आहे. आठवणीतून अख्खी नक्षी काढलीस. मग तू रंगशाळेत का नाही गेलास रे? गाउडातली सगळी मुलं माझ्याकडे चित्रकलेला येत. तू आला होतास का?"

"आलो होतो की. एकोणीसशे आठ साली. तुमचा पहिलाच वर्ग." तो शांतपणे बोलत होता, त्यात राग नव्हता. "चोवीस मुलं आणि बावीस स्टुलं. तुम्ही घडा जमिनीवर ठेवला होता, शेगडीशेजारी. मी त्याच्याजवळच उभा होतो. मी काढलं ते तुम्ही सगळ्यांना दाखवलंत आणि म्हणालात, 'असा घडा जगातल्या कुठल्या खुर्चीवरून दिसतो रे?' सगळे हसले. बरोबरच होतं तुमचं. मला खुर्चीच नव्हती, मास्तर."

 मला तो मुलगा आठवला. चेहरा नाही, पण कागद आठवला. मोठं वर्तुळ, आणि त्यात एक छोटं वर्तुळ.

"दुसऱ्या आठवड्यात वडील म्हणाले, चित्रं जमत नाहीत तर भट्टीवर ये. आलो." त्याने खांदे उडवले. "ऊब असते इथे."

"बास्तियान," मी म्हटलं, "चूक माझी होती."

"असेल," तो म्हणाला. "मुलांचं हसू थांबवायला हवं होतं तुम्ही, एवढंच." मग त्याने टोपी काढली, केस नीट केले आणि दाराकडे निघाला. "कुठे आहेत साहेब? बारा वाजायला आलेत. या पोरीचं पत्र फाडायला हवं."

साहेब दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

६

पत्र फाडलं गेलं. विलेमाइन आपल्या जागेवर बसली आणि एप्रनची घडी मोडली. स्टॉलवाइक बाईंनी तिला फक्त एवढंच म्हटलं, "कोंबडीबद्दल पुन्हा बोलायचं असेल तर हळू बोल." हिल्केमा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो भट्टीघरात गेला आणि बास्तियानच्या शेजारी उभा राहून डब्यांत वाकून बघत राहिला. तासाभराने बाहेर आला तेव्हा त्याच्या मफलरवर राख होती आणि तो म्हणाला, "मला हे पॅरिसमध्ये कुणी दाखवलं नाही." एवढ्यासाठी मी त्याला माफ केलं.

शंभर फुलदाण्यांचं काम सोपं नव्हतं. टेबलाशी बसून मुलींना ती नक्षी जमेचना. रेघ आपोआप पायाकडे धावायची. शेवटी विलेमाइनने फुलदाणी जमिनीवर ठेवली, स्वतः उभी राहिली आणि लांब दांड्याचा कुंचला घेतला. मग जमली. तुकडे हिरवेच ठेवले, आणि तिने ते नऊ नंबरनेच रंगवले.

राहिली तळाची खूण. साहेबांनी बास्तियानला विचारलं, तुमची खूण कोणती?

"मला खूण नाही. खुणा रंगवणाऱ्यांना असतात."

"आता हवी."

बास्तियानने बराच विचार केला. मग काळ्या रंगात अंगठा बुडवला, ज्या अंगठ्याने मूळ नक्षी पुसली होती तोच, आणि तळावर दाबला. त्या शंभरही फुलदाण्यांच्या तळाशी एक मासोळी आहे आणि तिच्याशेजारी एक अंगठा.

आता बुधवारी दुपारी बास्तियानही माझ्याकडे येतो. हात कापतात, म्हणून कोळसा वापरतो. मुलांनी त्याला स्टूल दिलं तर नको म्हणतो, टेबलामागे उभाच राहतो. परवा कोळशाच्या बादलीचं त्याचं चित्र बघून हेस्तर हसायला लागली.

"मास्तर, काकांची बादली म्हणजे नुसते दोन गोल!"

मी उठलो, टेबलाला वळसा घालून त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो, आणि मगच चित्राकडे पाहिलं.